कोरड्यास सक्त मनाई

त्या दिवशी सकाळपासून आभाळ जुन्या घमेल्याच्या बुडासारखं दिसत होतं. ऊन नव्हतं, पण उकाडा असा की भिंतीलाही घाम फुटावा. औशाकडून वारा यायचा, गल्लीतला पालापाचोळा गोळा करून लिंबाखाली ठेवायचा आणि काम झाल्यासारखा निघून जायचा. गिरणीच्या पत्र्याखाली चिमण्या गप्प बसल्या होत्या. धुळवडीचा दिवस होता, आणि आमच्या गल्लीत धुळवडीला चिमण्यासुद्धा गप्प बसत नाहीत.

त्या दिवसाचं सांगतोच. पण मी सावकाश माणूस. पाया खणल्याशिवाय मला भिंत धरता येत नाही.

मी माणिक गवंडी. शाळेत गेलो तो शाळेची भिंत बांधायला, तेवढंच माझं शिक्षण. मी बोलतोय आणि नात लिहून घेतेय. ती मधेच हसते, तेव्हा एखादी ओळ सुटते. गवंड्याच्या नखात माती साठते ना, तसे हे किस्से साठतात. एक धुवून काढावा तर त्याच्या खाली दुसरा असतोच. आणि आमच्या गल्लीतले सगळे किस्से एकाच प्रश्नावरचे. ओल्या खेळात कोरडं चालतं का?

हसू नका. या प्रश्नानं माझा शेजारी पाच वर्षं माझ्याशी बोलला नाही!

*

शेजारी म्हणजे शब्बीरभाई, पिठाच्या गिरणीवाला. त्याच्या आज्यापासून त्यांचं घर इथलंच. आमच्या दोघांच्या दारात एकच मोकळी जागा. मी दिवसभर चिखलात, तो दिवसभर पिठात. संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसलो की त्याची बायको, म्हणजे भाभी, म्हणायची, "एक थापलेला, एक भुरभुरलेला!"

भूकंपात तिकडं किल्लारीकडं गावंच्या गावं गेली. आमच्या गल्लीत एकच भिंत पडली, माझ्या आणि शब्बीरभाईच्या अंगणामधली. दगड-मातीची, माझ्याच हातची. कुणाला लागलं नाही, पण मी महिनाभर त्या ढिगाकडं पाठ करून बसायचो.

मग विटा-सिमेंटची नवी भिंत घेतली. छातीपर्यंत आली तेव्हा शब्बीरभाईनं माझा थापीचा हात धरला.

"इथं दोन विटा नक्को लावू."

"का?"

"वाटी कुठून येणार?"

मी त्या दोन विटांची जागा मोकळी सोडली. गवंडी म्हणून सांगतो, भिंतीतली सगळ्यात चांगली जागा तीच.

आता वाटी कशाची, ते सांगतो. भाकरी कोरडी असते. ती कुस्करायला जे पातळ लागतं, वरण म्हणा, आमटी म्हणा, पिठलं म्हणा, त्याला आमच्याकडं 'कोरड्यास' म्हणतात. नाव कोरडं आणि काम ओलं! बाहेरच्या माणसाला हे पटत नाही, आम्हाला कधी खटकलं नाही. रोज दुपारी शब्बीरभाई त्या भोकाला तोंड लावून विचारायचा, "माणिक, कोरड्यास काय हाय?" मी सांगायचो. इकडून वाटी जायची, तिकडून वाटी यायची. हाच आमचा रामराम आणि हाच सलाम.

*

धुळवडीला गिरणीसमोर चिखलाचा खड्डा करायचा, ही आमच्या गल्लीची जुनी रीत. चिखल मळायचा मान माझा. तळ्याकाठची काळी माती आणायची, चाळायची, तीन दिवस भिजवायची, पायानं तुडवायची. चौथ्या दिवशी असा चिखल, की पोळीवर घालून खावा!

भूकंपानंतर दोन वर्षं मी खड्डा केला नाही. ज्या मातीखाली माणसं गेली तिच्यात लोळायचं कसं? तिसऱ्या वर्षी शब्बीरभाईच फावडं घेऊन दारात उभा.

"मातीशी किती दिवस कट्टी करणार? तिनं काय मुद्दाम केलं?"

मी उठलो. खड्डा झाला.

तोवर गल्ली पोरांनी भरली होती. हदगावची, चाकूरची, कुठकुठची पोरं बारावीच्या ट्यूशनला लातुरात आलेली. एकेका खोलीत चौघं. समोरच्या घराच्या वरच्या मजल्यावर शिंदे सरांचा केमिस्ट्रीचा क्लास. आमच्या सगुणानं, म्हणजे माझ्या बायकोनं, दारातच पोरांसाठी मेस काढली. पहिल्याच खड्ड्यात चाळीस पोरं उतरली, आणि बाहेर निघाली तेव्हा सरांना हजेरी घेता येईना. सगळी सारखीच!

*

पुढच्या वर्षी शब्बीरभाईला वाटलं, चिखल जरा सैल झालाय. तो गिरणीत गेला, झाडलोटीचं ज्वारीचं पीठ दोन डबे भरून घेऊन आला आणि मला न विचारता खड्ड्यात ओतलं.

"अरे अरे, कोरडं नको टाकू! गुठळ्या होतात!"

"घट्ट येतंय बघ. आयुष्यभर पीठ बघून राहिलो मी!"

घट्ट आलं खरं. पोरं खेळली, सर खेळले. उन्हात उभं राहून सगळे वाळले. आणि मग गल्लीच्या तोंडाशी म्हशी आल्या.

अकरा म्हशी. पाण्याहून परत चाललेल्या. त्यांना ज्वारीच्या पिठाचा वास आला. पुढची थांबली, तिनं एका पोराचा दंड चाटून बघितला, आणि मागच्यांना काय सांगितलं कोण जाणे, सगळ्या वळल्या!

पोरं पळाली. शिंदे सर मात्र पळेनात. ते विज्ञानाचे माणूस. म्हणाले, "हालचाल केली तर जनावर बिथरतं." डोळे मिटून खांबासारखे उभे राहिले. एका म्हशीनं त्यांना डोक्यापासून पायापर्यंत चाटून स्वच्छ केलं. चष्म्याच्या काचासुद्धा!

म्हैस गेल्यावर सरांनी डोळे उघडले. म्हणाले, "एवढी माया माझ्यावर कुठल्याच बॅचनं केली नाही."

*

त्या दिवशी मी नियम केला. खड्ड्यात कोरडं काही नाही. पीठ नाही, राख नाही, गुलाल नाही.

शब्बीरभाई ओट्यावर बसून म्हणाला, "सणाचं नाव काय?"

"धुळवड."

"धूळ कशी असती? ओली का कोरडी?"

मी खड्ड्याकडं बघितलं.

"चिखलवड म्हणत्यात का? न्हाई म्हणत. मग पहिला हक कोरड्याचा. तुझा चिखल तर पाहुणा हाय, माणिक!"

मी सावकाश माणूस. तीन दिवस विचार केला. कामावर केला, जेवताना केला. चौथ्या दिवशी सकाळी त्याच्या गिरणीत गेलो आणि म्हणालो, "धूळ बसवायची तर पाणी मारावंच लागतं."

त्यानं गिरणी बंद केली. माझ्याकडं बघितलं.

"चार दिवस लागले ह्याला?"

घरी येऊन सगुणाला सांगितलं, म्हटलं तू तरी माझ्या बाजूनं बोल. ती चुलीपुढं पिठलं हाटत होती. उकळत्या पाण्यात मूठमूठ कोरडं बेसन सोडत म्हणाली, "मी काय बोलू? माझे हात गुतलेत."

*

वाद वाढला तसा सरांनी तो वर नेला. म्हणाले, "माणिकमामा, आधी व्याख्या पाहिजे. कोरडं म्हणजे काय?" आणि रविवारच्या टेस्टमध्ये त्यांनी शेवटचा प्रश्न टाकला. नात आता तो मला पाठ म्हणून दाखवते:

'खालीलपैकी कोरडे काय? अ) ओला दुष्काळ, ब) ओला नारळ, क) कोरडा खोकला, ड) वरीलपैकी एकही नाही.'

नुसती गंमत केली होती सरांनी. पण लातुरात टेस्टमधली गंमत कुणी गंमत म्हणून घेत नाही! सोमवारी चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानावर रांग. 'ओले-कोरडे, अतिमहत्त्वाचे प्रश्न, उत्तरांसह.' मंगळवारी पलीकडच्या क्लासनं बोर्ड लावला, 'ओले-कोरडे स्पेशल बॅच, जागा मर्यादित.' बुधवारी चाकूरहून एक बाप एस.टी.नं आला. पागोटं सावरत जिना चढला.

"सर, पोरगं फोनवर रडून राहिलंय. ह्यो ओला-कोरडा चॅप्टर तुमी शिकवलाच न्हाई म्हणतंय!"

सर म्हणाले, "काका, तो सिलॅबसमध्ये नाही हो."

बाप खाली बसला. "सर, जे सिलॅबसमध्ये नसतंय तेच परीक्षेत येतंय, हे आमाला कळतंय. शिकवा!"

गुरुवारी सरांनी शिकवलं. दीड तास. सगळ्यांनी उतरून घेतलं.

*

शेवटी मी सरांना म्हटलं, "वाद नको. तुम्ही एक बोर्ड लिहा, खड्ड्याजवळ लावू." सरांनी पत्र्यावर छान निळ्या अक्षरांत बोर्ड रंगवला. मला वाचता येत नाही, म्हणून त्यांनीच वाचून दाखवला.

"या ठिकाणी कोरड्यास सक्त मनाई आहे."

मी जरा दचकलो. मनात म्हटलं, चिखलात कोरड्यास? आमटी कोण टाकायला आलंय चिखलात? पण सर शिकलेले. काहीतरी पुढचं बघून लिहिलं असेल. मी म्हटलं, "लई छान."

बोर्ड खांबाला लावला. खांब सगुणाच्या मेसच्या दारात.

दुपारी जेवायला पोरं आली, बोर्ड वाचला आणि उभीच राहिली. हदगावचं एक पोरगं हळूच म्हणालं, "मामी, आज नुस्ती भाकरीच का?" अर्धी पोरं दुसऱ्या मेसला गेलीसुद्धा! सगुणा पळी घेऊनच वर सरांच्या वर्गात.

"मास्तर! कोरड्यास बंद म्हणता, मग ह्या लेकरांना भाकरी कशासंगं घालू? थुकीसंगं?"

सर फळ्यापाशी घामाघूम. "अहो मामी, ते 'कोरडे' या शब्दाला 'स' प्रत्यय लागलाय! म्हणजे कोरड्याला मनाई! चतुर्थी विभक्ती आहे ती!"

सगुणा म्हणाली, "चतुर्थी असू द्या न्हाईतर एकादशी. आज हुलग्याचं पातळ माडगं केलंय, ते खाणार कोण?"

ते सगळं सरांनी खाल्लं. तीन वाट्या.

पण शब्बीरभाई बोर्डाखाली उभा राहून नुसता हसत होता. त्याला उर्दूही वाचता यायचं आणि मराठीही. म्हणाला, "माणिक, तुझ्याच बोर्डावर लिवलंय. मनाई कोरड्यासला हाय. कोरड्याला न्हाई!"

*

आणि तो बोलला तसा वागला.

त्या धुळवडीला सरांच्या नव्या हॉलचं छत चाललं होतं. छताच्या मालाची पोती गिरणीत ठेवलेली. पांढरी, पिठासारखीच. शब्बीरभाईचे हात गुलालानं माखलेले, डोळ्यांत रंग. त्यानं आपलं झाडलोटीचं पोतं समजून एक पोतं उचललं, "ये ले कोरडं!" म्हणत खड्ड्यात ओतलं, आणि ढवळलं.

ते होतं प्लास्टर ऑफ पॅरिस.

पोरं तोवर अंग धुवायला हौदावर गेली होती. खड्ड्यात मी एकटा, मांडी घालून, डोळे मिटून. वयाप्रमाणं जरा डुलकी लागलेली. थोड्या वेळानं खाली ऊबदार वाटायला लागलं. मला वाटलं, ऊन चढलं. आणखी थोड्या वेळानं वाटलं, आता उठावं. उठायला गेलो तर खड्डा माझ्याबरोबर उठेना!

चाळीस वर्षं मी दुसऱ्याच्या भिंती धरायला लावल्या. त्या दिवशी मलाच धरलं.

माझी ओरड ऐकून पोरं धावत परत आली. सरांनी माझ्या दोन्ही काखांत हात घातले, सगुणानं विळीनं धोतर कापलं, आणि मी सुटलो. पाय शाबूत. पण धोतर तिथंच राहिलं. नुसतं नाही राहिलं, मांडी घालून बसलेलं राहिलं! निऱ्या, गुडघे, सगळं जागच्या जागी, आत फक्त मी नाही. चार दिवस ते तसंच बसलेलं. पाचव्या दिवशी बघतो तर त्याच्यापुढं हळदकुंकू आणि एक नारळ. आणि नारळसुद्धा ओला!

पण मी सुटलो तेव्हा शब्बीरभाई पोट धरून हसत होता. "माणिक, आता तू पक्कं बांधकाम झालास!"

मी चड्डीवर, चाळीस पोरांसमोर उभा. मला राग येत नाही सहसा. त्या दिवशी आला. मी म्हटलं, "तुला काय कळणार? तू कोरडा माणूस."

मला म्हणायचं होतं पिठातला माणूस. पण 'कोरडा माणूस' म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक आहे. ज्याला मायेचा ओलावा नाही, तो. ज्यानं वाटीसाठी दोन विटांची जागा ठेवून घेतली, ज्यानं मला फावडं आणून दिलं, त्याला मी चाळीस पोरांसमोर कोरडा म्हणालो.

त्याचं हसू तसंच राहिलं, पण आतून गेलं. तो घरात गेला. दुपारी मी भोकाशी जाऊन बसलो. पलीकडून एक रिकामं पोतं आलं आणि त्या दोन विटांच्या जागेत गच्च बसलं.

*

माफी मागायला मी तीनदा गेलो. मी समोर असून त्याला दिसायचो नाही. शिवाय मला शब्द लवकर सापडत नाहीत, आणि गिरणी सुरू असली की सापडलेलेही ऐकू जात नाहीत.

पण दळण तिथंच न्यावं लागायचं. दुसरी गिरणी लांब. मी डबा ठेवायचो. शब्बीरभाई डब्याशी बोलायचा.

"डब्या, तुझ्या मालकाला सांग, ज्वारी ओलसर हाय. वाळवून आणाय पाहिजे हुती."

मी गिरणीच्या पट्ट्याला सांगायचो, "पट्ट्या, तुझ्या मालकाला सांग, ऊनच पडलं न्हाई."

एकदा रांगेत नवी सून उभी होती, नुकतीच लग्न होऊन आलेली. तिनं हे ऐकलं, डोक्यावरचा पदर पुढं ओढला, आणि आपला डबा उचलून त्याच्या कानात हळूच म्हणाली, "तू काय बोलू नकोस हं!"

धुळवडीही दोन झाल्या. गिरणीच्या ओट्यावर शब्बीरभाईची कोरडी, नुसता गुलाल. खाली माझी ओली. मधे सरांनी खडूनं रेघ मारलेली. पोरांनी काय करावं? सरांनी टाइमटेबल लावलं. "मॉर्निंग बॅच कोरडी, दुपारची बॅच ओली. उलटं कुणी करायचं नाही. ओल्यावर कोरडं टाकलं की काय होतं, ते मामांच्या धोतरानं दाखवलंय!"

*

या पाच वर्षांतच नांदेडची गंमत झाली. हदगावचं ते पोरगं, 'नुस्ती भाकरीच का' विचारणारं, तिथं विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनिअरिंगला लागलं. त्यानं निरोप धाडला, 'मामा आणि चाचा, माझं कॉलेज बघायला दोघंही या. मी तुमच्या गल्लीतच शिकलो.' नाही कसं म्हणणार? एस.टी.त जागा मिळाली तीही एकाच बाकावर!

लातूर ते नांदेड. तो खिडकीशी बोलत होता, मी पुढच्या बाकाच्या दांडीशी. कंडक्टर दोनदा आला, दोनदा बघून गेला. तिसऱ्यांदा म्हणाला, "आजोबा, दोघं सोयरे हाय का? असलं भांडण सोयऱ्यातच बघितलंय!"

दुपारी मी डबा उघडला. दोन्ही पुडांत नुसतं कोरड्यास. खाली पिठलं, वर शेंगदाण्याची आमटी. भाकरी नाही! शेजारी शब्बीरभाईनं फडकं सोडलं. आत सहा भाकरी. दुसरं काही नाही. चटणीसुद्धा नाही!

सगुणा आणि भाभी, दोघींनी बसून हे केलं होतं. त्यांच्यासाठी भिंतीला भोक लागत नव्हतं, त्या दारानं जायच्या.

मी डबा बघितला. त्यानं भाकरी बघितली. तो कोरडी भाकरी चावायला लागला. मी आमटी प्यायला लागलो. त्याला ठसका लागला. माझी आमटी धक्क्यानं सदऱ्यावर सांडली. तरी कुणी हात पुढं केला नाही.

मग कंडक्टर आला. म्हणाला, "तुमचं चालू द्या." शब्बीरभाईकडून दोन भाकऱ्या घेतल्या, माझ्याकडून डबा घेतला, ड्रायव्हरच्या मागं बसून कुस्करून जेवला, आणि डबा परत देताना म्हणाला, "लई दिवसांनी असं जेवण झालं बघा!"

*

आणि आता तो दिवस. घमेल्याच्या बुडासारख्या आभाळाचा.

चिखल मी मळला होता, पण गुडघे दुखत होते. मनात म्हटलं होतं, हा शेवटचा. पुढच्या वर्षी खड्डा नाही. ज्यानं सुरू करायला लावला तो ओट्यावर पाठ करून उभा, मग मी तरी कुणासाठी तुडवायचं?

ओट्यावर कोरडी बॅच चालली होती. मी खड्ड्यात एकटाच उतरून गुठळ्या बघत होतो. एकदम वारा पडला. लिंबाचं पान हलेना. आणि गिरणीच्या पत्र्यावर एक आवाज आला, टण्!

मग दुसरा. मग सगळा पत्राच वाजायला लागला.

गारा! बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या. पोरं पळाली, गुलालाची ताटं उलटली. ओट्यावरचा गुलाल भिजून लाल चिखल होऊन खाली आला, आणि माझ्या खड्ड्यावर कोरड्या पांढऱ्या गारांचा थर बसला. सरांची रेघ गेली.

सर वरच्या जिन्यातून ओरडत होते, "पोरांनो, बघा, बघा! ही गार कोरडी का ओली?"

एक पोरगं मेसच्या टेबलाखालून ओरडलं, "सर, ऑप्शन सांगा!"

मी उठायला गेलो आणि घसरलो. पुन्हा उठलो, पुन्हा घसरलो. डोक्यावर गारा ठणाठण. मी दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि बसून राहिलो.

तेवढ्यात आवाज बदलला. गारा वाजत होत्या, पण मला लागत नव्हत्या. वर बघितलं तर घमेलं. माझंच, चिखल वाहायचं. ते धरून शब्बीरभाई खड्ड्यात माझ्याशेजारी बसला होता, मांडी घालून. अंगावर पीठ, पिठावर गुलाल, गुलालावर चिखल. एका घमेल्याखाली दोन डोकी काही मावेनात. त्याचा अर्धा खांदा बाहेर, माझा अर्धा बाहेर.

मी म्हटलं, "शब्बीरभाई, त्या दिवशी मला पिठातला माणूस म्हणायचं होतं."

घमेल्यावर गारा अशा वाजत होत्या की मलाच माझं ऐकू आलं नाही. त्याला आलं का, माहीत नाही. त्यानं हात काढून खड्ड्यातली एक गार उचलली आणि माझ्या तळहातावर ठेवली. आम्ही दोघं ती विरघळेपर्यंत बघत बसलो. मग गारा थांबल्या. तो उठला, घमेलं माझ्या डोक्यावर तसंच ठेवलं आणि घरी गेला.

मीही घरी आलो. तांब्याभर पाणी पायांवर घेतलं. सगुणा चुलीपुढं, उकळत्या पाण्यात मूठमूठ बेसन सोडत होती. मी अंगणात भिंतीला टेकून बसलो, चिखल तसाच अंगावर.

पाठीमागं काहीतरी सरकलं. वळून बघितलं. भोकातलं पोतं आत ओढलं जात होतं, हळूहळू, जसं गच्च बसलेलं काढावं लागतं तसं. मग त्या दोन विटांच्या जागेत लाल-काळं-पांढरं तोंड आलं, आणि म्हणालं,

"माणिक, कोरड्यास काय हाय?"